कोलेस्टेरॉलचा काटा किती खरा?

अमरावतीच्या इतवारा बाजारात आमचे एक स्नेही हार्डवेअरचे दुकान चालवतात. वय पन्नाशीच्या पुढचे, अंगाने भारी, दिवसभर गादीवर बसून धंदा. काही महिन्यांपूर्वी जिना चढताना छातीत धडधड होऊ लागली, म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले. अमरावतीच्या एका लॅबोरेटरीने रिपोर्ट दिला : कोलेस्टेरॉल २४६. डॉक्टरांनी गोळी सुरू करण्याची गोष्ट काढली. तीन आठवड्यांनी ते मुलीच्या सासरी अकोल्यास गेले. तेथे तब्येत बिघडली, पुन्हा रक्त तपासले गेले. या वेळी आकडा आला २०९.

दोन्ही कागद घेऊन ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, “भाईजान, आम्ही खिळे विकणारी माणसे. किलोमागे वीस ग्रॅम कमी भरले तर गिऱ्हाईक भांडायला उठते. येथे दोनशेच्या मालात सदतीसचा फरक आहे. माझा मेहुणा म्हणतो, दुसरा रिपोर्ट चांगला आहे, गोळी घेऊच नका. तुम्ही सांगा, यातला कोणता काटा खोटा?”

प्रश्न साधा वाटला तरी तो एकट्या त्यांचा नाही. आमच्या वाचकांपैकी कित्येक व्यापारी आणि कारागीर बंधू चाळिशी ओलांडली की हा कागद हातात घेऊन बसतात. त्या एका आकड्यावर जन्मभराची गोळी सुरू होते किंवा बंद होते. म्हणून हा आकडा तयार कसा होतो, तो चुकतो कोठे आणि खरा कसा ठेवता येतो, याची आम्ही अमरावती आणि अकोला अशा दोन्ही ठिकाणी चौकशी केली. जे समजले ते येथे मांडत आहोत.

फरक एवढा महत्त्वाचा का?

बहुतेक रिपोर्टांवर उजव्या बाजूला एक पट्टी छापलेली असते. १०० मिलीलिटर रक्तद्रवात २०० मिलिग्रॅमपेक्षा कमी कोलेस्टेरॉल म्हणजे ठीक, २०० ते २३९ म्हणजे सीमेवर, २४० व त्यावर म्हणजे जास्त. आमच्या स्नेह्यांचा पहिला आकडा ‘जास्त’मध्ये पडला, दुसरा ‘सीमेवर’. माणूस तोच असून कागदाने त्याला दोन वेगळ्या खात्यांत टाकले.

कापसाच्या धंद्यात मुरलेल्या वऱ्हाडी माणसाला हे नवीन नाही. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. त्या काळात बैलगाडीतला एकच कापूस एका ग्रेडरने वरच्या प्रतीत टाकावा आणि दुसऱ्याने खालच्या, यावरून किती वाद झाले, हे जुन्या लोकांना आठवत असेल. तेथे भावात नुकसान होत असे. येथे प्रश्न हृदयाचा आहे.

लॅबला दोष देण्यापूर्वी

आम्ही सुरुवातीला असेच समजून चाललो होतो की दोनपैकी एक लॅब चुकीची आहे. हिशेब मांडल्यावर मात्र थांबावे लागले.

पहिली गोष्ट अशी की, कोलेस्टेरॉल हा आपल्या शरीरातला स्थिर आकडा नाही. निरोगी माणसाचे कोलेस्टेरॉल स्वतःच्या सरासरीभोवती साधारण ६ टक्क्यांनी वर-खाली होत राहते. त्यात चांगल्या लॅबमध्येही राहणारी ३ टक्क्यांची डगमग मिळवा. संख्याशास्त्राच्या रीतीने दोन्हींचा हिशेब केला, तर एकाच माणसाच्या दोन तपासण्यांत १८ टक्क्यांपर्यंतचा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. आमच्या स्नेह्यांच्या दोन आकड्यांतला फरक सुमारे १६ टक्के आहे. म्हणजे एवढ्यावरून कोणालाही चोर ठरवता येत नाही.

दुसरी गोष्ट रक्त घेण्याच्या रीतीची. आम्ही त्यांना खोदून विचारले तेव्हा पुढील हकिकत कळली. अमरावतीत ते घाईघाईने दुकानातून गेले, उभ्या-उभ्या नंबर लावला, बसताच हाताला पट्टी आवळली गेली. शीर सापडेना, म्हणून पट्टी बराच वेळ तशीच राहिली. अकोल्यात मात्र त्यांना ताप होता, चार दिवस ते खाटेवर होते आणि पडल्या-पडल्याच रक्त घेतले गेले.

आता पाहा. माणूस उभा असताना रक्तातले पाणी थोडे शिरांबाहेर झिरपते आणि रक्त घट्ट होते. आडवा झाला की पाणी परत येते आणि रक्त पातळ होते. वीस-तीस मिनिटे पडून राहिल्याने कोलेस्टेरॉलचा आकडा सुमारे १० टक्क्यांनी उतरू शकतो. पट्टी जास्त वेळ आवळून ठेवली तर उलट तो चढतो. त्यातच ताप, मोठे ऑपरेशन किंवा हृदयविकाराचा झटका आला की कोलेस्टेरॉल काही आठवडे खरोखरच खाली जाते. म्हणजे पहिला आकडा चढवणारी कारणे होती आणि दुसरा उतरवणारी. काटे दोन्ही ठीक असतील, पण माल ठेवण्याची रीत दोन्ही वेळा बिघडलेली होती.

याचा अर्थ लॅब सुटल्या असा मात्र नाही. त्यांचा काटा खरा आहे की नाही, हे वेगळे तपासायला हवे.

हा आकडा मोजतात कसा?

कोलेस्टेरॉल मोजणे म्हणजे रंग मोजणे. रक्ताची बाटली फिरवून वर आलेला पिवळसर द्रव घ्यायचा, त्यात रसायन घालायचे आणि जो रंग येईल तो किती गडद आहे हे यंत्राने पाहायचे. रंग जितका गडद, तितके कोलेस्टेरॉल जास्त.

जुनी रीत एकोणिसाव्या शतकातील लीबरमान आणि बुर्खार्ड या दोन शास्त्रज्ञांच्या नावाने ओळखली जाते. तीत अॅसेटिक अॅनहायड्राइड आणि तीव्र गंधकाम्ल घालून हिरवा रंग आणत. काम जिकिरीचे. अॅसिडने हात व कपडे भाजायचे, पाण्याचा थेंब गेला तरी रंग बिघडायचा, तापमान बदलले की आकडा बदलायचा. १९५३ साली फेरिक क्लोराइडची रीत आली. तिचा रंग जोरदार येत असे, पण रक्तातील इतर पदार्थही त्या रंगात भर घालत आणि आकडा फुगत असे.

मोठा बदल झाला १९७४ साली. त्या वर्षी अॅलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एन्झाइमची रीत प्रसिद्ध केली. आज अमरावती-अकोल्याच्याच नव्हे, तर जगभरच्या बहुतेक लॅब याच रीतीने चालतात. तिचे काम तीन कारागिरांच्या साखळीसारखे आहे. रक्तातले सुमारे दोन तृतीयांश कोलेस्टेरॉल स्निग्धाम्लाशी जोडलेले असते. पहिले एन्झाइम हा जोड तोडते. दुसरे एन्झाइम मोकळ्या झालेल्या कोलेस्टेरॉलवर काम करून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. तिसरे त्या पेरॉक्साइडपासून गुलाबी रंग उठवते. यंत्र सुमारे ५०० नॅनोमीटरच्या प्रकाशात तो रंग वाचते.

पुढचा हिशेब त्रैराशिकाचा आहे. लॅबकडे ठरलेल्या ताकदीचे एक प्रमाण द्रावण असते, बहुधा २०० चे. समजा त्याचा रंग यंत्राने ०.३० वाचला आणि रुग्णाचा ०.३६, तर ०.३६ भागिले ०.३० गुणिले २००, म्हणजे २४०. पण वाचन चुकून प्रमाण द्रावणाचा रंग ०.२७ आला, तर तोच रुग्ण २६७ वर जाईल. फक्त तो एकटा नव्हे, तर त्या दिवशी आलेला प्रत्येक गिऱ्हाईक वर जाईल. वजनच हलके असेल, तर दिवसभराचे सगळे तोल चुकणार, हे दुकानदाराला वेगळे सांगायला नको.

अमेरिकेतही हाच घोळ होता

कोणी म्हणेल, हा आपल्या छोट्या शहरांचा दोष आहे. तसे नाही. १९८५ साली अमेरिकेच्या पॅथॉलॉजिस्टांच्या संस्थेने सुमारे पाच हजार लॅबना एकच नमुना पाठवला. त्याचा खरा आकडा २६२.६ होता. उत्तरे आली १०१ पासून ५२४ पर्यंत! तेथे खळबळ उडाली. १९८८ साली तज्ज्ञांच्या समितीने उद्दिष्ट ठरवून दिले : आकडा खऱ्यापासून सरासरीने ३ टक्क्यांपेक्षा जास्त सरकता कामा नये आणि पुन्हा पुन्हा मोजल्यास होणारी डगमगही ३ टक्क्यांच्या आत राहिली पाहिजे. त्यासाठी १९९२ पर्यंतची मुदत ठरवली गेली.

येथे दोन वेगळे दोष आहेत, ते नीट समजून घ्यावेत. एक काटा दर वेळी बरोबर पन्नास ग्रॅम जास्त दाखवतो. तो स्थिर आहे, पण खोटा आहे. दुसरा काटा कधी वर, कधी खाली दाखवतो. त्याची सरासरी खरी निघेल, पण एका तोलावर भरवसा ठेवता येत नाही. पहिल्याचा इलाज वजन बदलणे, दुसऱ्याचा इलाज काट्याची कळ आणि हात सुधारणे. लॅबमध्येही पहिला दोष बहुधा प्रमाण द्रावणाचा किंवा किटचा असतो आणि दुसरा पिपेटचा, यंत्राचा किंवा हाताचा.

खऱ्या वजनाची साखळी

आपल्या दुकानातले वजन खरे कशावरून? वजनमापे खात्याचा निरीक्षक ते आपल्या वजनाशी ताडून शिक्का मारतो, त्याचे वजन वरच्या कचेरीतल्या वजनाशी ताडलेले असते आणि ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते.

कोलेस्टेरॉललाही अशीच साखळी आहे. सर्वांत वर शुद्ध कोलेस्टेरॉलची पूड. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सने १९६७ साली ती प्रमाणित करून विक्रीस ठेवली. त्या खाली अतिशय अचूक पण महाग अशी मास स्पेक्ट्रोमीटरची रीत. तिच्या खाली १९५२ साली एबेल आणि केंडल यांच्या गटाने तयार केलेली रीत. तीत आधी सर्व जोड तोडून, कोलेस्टेरॉल वेगळे काढून, मगच रंग आणतात. अटलांटा येथील सेंटर्स फॉर डिसीझ कंट्रोल या संस्थेने तीच रीत सुधारून अनेक वर्षे संदर्भ म्हणून वापरली. किट बनवणाऱ्या कंपन्या आपले कॅलिब्रेटर या साखळीशी ताडून घेतात आणि तेच आपल्या गावच्या लॅबपर्यंत येते. साखळीची एक कडी तुटली की शेवटचा आकडा हवेत लटकतो. म्हणून लॅबवाल्याने स्वस्त किट घेताना फक्त भाव न विचारता, त्याचा कॅलिब्रेटर कशाशी ताडलेला आहे हे लेखी मागावे.

वऱ्हाडातला उन्हाळा आणि एक मायक्रोलिटर

या साखळीच्या तळाशी आपल्या गावचा तंत्रज्ञ उभा असतो. त्याच्या अडचणी आम्ही जवळून पाहिल्या.

पहिली अडचण थेंबाची. बहुतेक किटमध्ये १००० मायक्रोलिटर रसायनात अवघे १० मायक्रोलिटर रक्तद्रव घालतात. पाण्याच्या एका थेंबात साधारण ५० मायक्रोलिटर असतात, यावरून कल्पना करा. पिपेटने १० ऐवजी ९ घेतले, की आकडा सरळ १० टक्क्यांनी खाली येतो. २४० चा माणूस २१६ वर येतो. पिपेटच्या टोकाला बाहेरून थेंब चिकटला, तर उलट. म्हणून पिपेट ठराविक मुदतीने तपासून घेतली पाहिजे. रीत सोपी आहे : १००० मायक्रोलिटर पाण्याचे वजन जवळपास एक ग्रॅम भरते. १० मायक्रोलिटरची पिपेट वीस वेळा सोडून २०० मिलिग्रॅम भरते का ते पाहावे. सोने तोलणाऱ्या सराफाच्या बारीक काट्यावरही पहिला ढोबळ अंदाज येतो. पक्की तपासणी मात्र मान्यताप्राप्त ठिकाणी करून घ्यावी.

दुसरी अडचण उष्म्याची. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. एन्झाइमचे किट बहुधा २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. डबा उन्हात तापलेल्या गाडीतून आला, किंवा वीज गेली आणि फ्रीज तासन्‌तास बंद राहिला, तर एन्झाइम दुबळे होते. यात एक मोठा फसवा प्रकार आहे. तीन कारागिरांपैकी जोड तोडणारा पहिलाच थकला, तर रुग्णाच्या रक्तातले जोडलेले कोलेस्टेरॉल पुरते मोकळे होत नाही आणि आकडा कमी येतो. पण प्रमाण द्रावणात बहुधा मोकळेच कोलेस्टेरॉल असते. त्याला पहिल्या कारागिराची गरज नसते, म्हणून ते बरोबर वाचले जाते. तंत्रज्ञ समजतो सर्व ठीक आहे, आणि रुग्ण मात्र खोट्या समाधानाने घरी जातो. हा दोष पकडायचा तर माणसाच्या रक्तद्रवापासून बनवलेला, आकडा माहीत असलेला नमुना रोज लावावा लागतो. त्यालाच कंट्रोल म्हणतात.

रोजची रोकड

आम्ही काही लॅबमध्ये जाऊन एकच गोष्ट विचारली : “आजचा कंट्रोल दाखवता का?”

एका ठिकाणी तरुण तंत्रज्ञाने लगेच भिंतीवरचा तक्ता दाखवला. दुसऱ्या एका ठिकाणी कंट्रोलची बाटली फ्रीजमध्ये होती, पण सील फोडलेले नव्हते. “आमचे रिपोर्ट नेहमी बरोबरच येतात,” असे उत्तर मिळाले. दोन्ही ठिकाणांची नावे आम्ही देत नाही, कारण हेतू कोणाला बदनाम करण्याचा नाही. पण जो दुकानदार रोज संध्याकाळी गल्ला मोजत नाही आणि म्हणतो की हिशेब बरोबरच असतो, त्याच्याबद्दल आपण काय म्हणू?

तक्त्याची रीत १९५० साली लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी लॅबमध्ये आणली. समजा कंट्रोलची सरासरी २०० आहे आणि नेहमीची डगमग ५. मग १९० ते २१० ही पहिली रेघ आणि १८५ ते २१५ ही दुसरी. रोजचा आकडा त्यावर टिंब देऊन मांडायचा. टिंब बाहेरच्या रेघेपलीकडे गेले, तर त्या दिवशी रिपोर्ट देऊ नये, आधी कारण शोधावे. सलग दोन दिवस ते आतल्या रेघेच्या एकाच बाजूला बाहेर गेले, तरी थांबावे. टिंबे हळूहळू एकाच दिशेने सरकू लागली, तर किट, दिवा किंवा कॅलिब्रेटर थकत चालला आहे असे समजावे. १९८१ साली वेस्टगार्ड यांनी अशा नियमांचा पद्धतशीर संच तयार केला. कागद, पेन्सिल आणि मोजणी एवढेच भांडवल लागते.

पण घरातल्या रोकडीबरोबर बाहेरच्या ऑडिटरचीही गरज असते. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा विभाग असे काम करतो. सभासद लॅबना तेथून अनोळखी नमुने येतात. लॅबने आपला आकडा कळवायचा आणि बाकी लॅबच्या तुलनेत आपण कोठे उभे आहोत हे समजून घ्यायचे. याशिवाय एनएबीएल ही राष्ट्रीय मान्यता मंडळाची संस्था आयएसओ १५१८९ या प्रमाणानुसार लॅबची तपासणी करून मान्यता देते. रिपोर्टवर एनएबीएलचे चिन्ह असेल, तर कोलेस्टेरॉलची तपासणी त्या मान्यतेच्या यादीत आहे का, हेही विचारावे. मान्यता तपासणीनिहाय असते.

एकसारख्या मापाचे मोल काय, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २००८ ते २०१० या काळात मधुमेहाची मोठी पाहणी केली. पहिल्या टप्प्यात तामिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगड घेतले होते. त्यातील २,०४२ लोकांच्या रक्तातील चरबीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. शंभरातील ७९ जणांत कोणता ना कोणता आकडा बिघडलेला निघाला. शंभरात सुमारे १४ जणांचे एकूण कोलेस्टेरॉल जास्त होते, तर ७२ जणांचे चांगले समजले जाणारे एचडीएल कमी होते. ठिकठिकाणच्या लॅबनी आपापल्या मापाने हे आकडे काढले असते, तर एका राज्याची दुसऱ्याशी तुलनाच करता आली नसती.

एका आकड्यातून दुसरा आकडा

रिपोर्टवर एलडीएल नावाचा जो वाईट समजला जाणारा आकडा असतो, तो पुष्कळ ठिकाणी मोजलेला नसून हिशेबाने काढलेला असतो. १९७२ साली फ्रीडवाल्ड यांनी हे सूत्र दिले : एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करा. समजा एकूण २४०, एचडीएल ४० आणि ट्रायग्लिसराइड १५०. मग एलडीएल १७०. आता तोच माणूस आदल्या रात्री वलिम्याची दावत खाऊन सकाळी आला आणि ट्रायग्लिसराइड ३०० झाले, तर एलडीएल निघेल १४०. बिर्याणी खाऊन एलडीएल तीसने सुधारले! ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले, तर हे सूत्र वापरूच नये. २०१३ आणि २०२० साली नवी सूत्रे आली आणि एलडीएल थेट मोजणारी किटेही मिळतात. आपल्याकडे ट्रायग्लिसराइड पुष्कळांचे जास्त असते, म्हणून एलडीएल मोजले की काढले, हे रिपोर्टवर लिहिलेले असणे जरुरीचे आहे.

आपल्या तरुणांसाठी

डीएमएलटी करून लॅब टाकणारे आपले कित्येक तरुण अमरावतीत, अकोल्यात आणि तालुक्याच्या गावी आहेत. त्यांनी २०१७ च्या डिसेंबरातील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवावा. रिपोर्टवर पॅथॉलॉजीचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी, असे त्यात म्हटले आहे. तेव्हा सही उधार घेऊन धंदा करू नये. डॉक्टरबरोबर भागीदारीने, उघड कराराने काम करावे.

आमची त्यांना एक व्यवहारी सूचना आहे. चार-पाच लॅबवाल्यांनी मिळून महिन्यातून एकदा एकच रक्तद्रव वाटून घ्यावा, प्रत्येकाने मोजावा आणि आकडे एकमेकांसमोर ठेवावेत. अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासून आहे, अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून आहे. तेथील बायोकेमिस्ट्री विभागाला एखादा नमुना सोबत मोजून द्या म्हणून विनंती करण्यास काय हरकत आहे? स्पर्धा गिऱ्हाईकासाठी असावी, पण काटा सगळ्यांचा एक असावा. सराफ बाजारात कसोटीचा दगड कोणाच्या मालकीचा नसतो.

गिऱ्हाईक म्हणून आपण काय करावे?

आपल्या हातातही पुष्कळ आहे. रक्त देण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे शांत बसावे, आणि दर वेळी बसूनच द्यावे. एकूण कोलेस्टेरॉल जेवणाने फारसे बदलत नाही, पण ट्रायग्लिसराइडही पाहायचे असेल तर डॉक्टर सांगतील तसे दहा-बारा तास उपाशी राहावे, पाणी प्यावे. रमजानमध्ये इफ्तारपूर्वी रक्त दिले तर पोट रिकामे असते हे खरे, पण उन्हाळ्याच्या रोज्यात शरीरातले पाणी कमी झालेले असते. घाई नसेल तर तपासणी ईदनंतर, नेहमीचे खाणे सुरू झाल्यावर करावी. ताप किंवा ऑपरेशननंतर काही आठवडे थांबावे. जास्त मात्रेची क जीवनसत्त्वाची गोळी चालू असेल तर लॅबमध्ये सांगावे, कारण तिने गुलाबी रंग फिका पडून आकडा खोटाच कमी येतो. शक्यतो एकाच लॅबमध्ये जावे. आणि एका रिपोर्टावर गोळी सुरूही करू नये, बंदही करू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन वेळा मोजून सरासरी पाहावी.

आमच्या स्नेह्यांनी तेच केले. ताप जाऊन महिना-दीड महिना झाल्यावर, सकाळी शांत बसून, पट्टी लगेच सोडवून घेऊन त्यांनी पुन्हा रक्त दिले. भिंतीवर तक्ता असलेली लॅब त्यांनी मुद्दाम निवडली. आकडा आला २३१. ना २४६, ना २०९. डॉक्टरांनी केवळ आकडा पाहिला नाही. रक्तदाब मोजला, साखर पाहिली, बिडीची चौकशी केली, वडील किती वयात आणि कशाने गेले ते विचारले, आणि सर्व मिळून गोळी घेणे बरे असे सांगितले. मेहुण्याचा सल्ला ऐकला असता तर? हा प्रश्न त्यांनी स्वतःच आम्हाला केला.

त्यांच्या दुकानात आता काट्याशेजारी तिन्ही रिपोर्ट एका चिमट्याला लावलेले आहेत. परवा आम्ही गेलो तेव्हा ते हसून म्हणाले, “भाईजान, वजनमाप्याचा साहेब आला की मी कुरकुर करायचो. आता नाही करत.”

व्यापारी बंधूंनो, आपल्या काट्यावर शिक्का मागण्याचा गिऱ्हाईकाला हक्क आहे, तसाच लॅबच्या काट्यावर कंट्रोल मागण्याचा आपल्याला हक्क आहे. पुढच्या वेळी रक्त देताना पैसे मोजण्यापूर्वी एवढेच विचारा : “आजचा कंट्रोल लावला का?” दहा गिऱ्हाइकांनी विचारले, की अकरावा येण्यापूर्वी फ्रीजमधली ती बाटली उघडलेली असेल.